दर सोमवारी दुखणारं पोट

आठवीच्या वर्गाचा हजेरीपट समोर घ्या आणि गेल्या सहा आठवड्यांतले खाडे वारांनुसार मांडून बघा. एखाद्या नावापुढचे सगळे खाडे सोमवारचे निघतात, नाहीतर गणिताची चाचणी असलेल्या गुरुवारचे. रजेच्या चिठ्ठीत कारण एकच, पोटात दुखत होतं. गोव्यातल्या शाळेत ते बहुधा कोंकणीतून कानावर येतं: ‘पोटांत दुखता’, ‘तकली (डोकं) दुखता’, फार तर ‘म्हाका बरें दिसना’. ‘मला भीती वाटते’ असं तेरा-चौदा वर्षांचं मूल बाईंसमोर उभं राहून क्वचितच बोलतं. सहा आठवड्यांत साधारण 35 दिवस शाळा भरते. त्यात चार खाडे पडले की गैरहजेरी 10 टक्क्यांच्या वर गेली. वर्गशिक्षकाने चौकशी सुरू करायला एवढं पुरेसं आहे, त्यासाठी वेगळी प्रश्नावली लागत नाही.

हे दुखणं खोटं नसतं. धोका जाणवला की शरीर पळण्याच्या तयारीला लागतं. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं आणि मेंदूशी त्याची सतत देवाणघेवाण चालू असते. त्यामुळे ताणाखाली आतड्याची साधी हालचालही दुखल्यासारखी जाणवते. ‘नाटकं करतोय’ असं म्हटलं की मुलाला एवढंच कळतं की इथे खरं सांगून उपयोग नाही. उलट बाजूही ध्यानात ठेवायला हवी. दुखण्याने रात्री झोपेतून जाग येत असेल, वजन घटत असेल, ताप असेल, सतत उलट्या होत असतील किंवा शौचातून रक्त जात असेल, तर आधी डॉक्टर, समुपदेशन नंतर.

मग सोमवारच का? याचं अर्धं उत्तर झोपेत आहे. वयात येताना मेलाटोनिन हे झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे साडेनऊला अंथरुणात ढकललं तरी डोळा लागत नाही. या वयाला झोप हवी 8 ते 10 तास. आपल्याकडे बहुतेक हायस्कुलं सकाळी आठच्या आत भरतात. पेडणे किंवा काणकोणच्या आतल्या वाड्यावरून येणाऱ्या मुलाला बस गाठायला सहाच्या आधी उठावं लागतं. शनिवारी रात्री जागून रविवारी दहाला उठलं की शरीराचं घड्याळ आणखी मागे सरकतं आणि सोमवारची पहाट त्याला मध्यरात्रीसारखी वाटते. अशा वेळी मळमळ आणि डोकेदुखी स्वाभाविकच. रविवारी उठण्याची वेळ रोजच्यापेक्षा एका तासाहून जास्त पुढे जाऊ न देणं हा घरातल्या घरात करता येणारा सर्वात स्वस्त उपाय आहे. पालकसभेत मोबाइलवर अर्धा तास व्याख्यान झोडण्यापेक्षा एवढंच सांगितलं तर जास्त उपयोग होईल.

उरलेलं अर्धं उत्तर टाळण्यात आहे, आणि गाडी बहुतेक वेळा इथेच रुतते. मूल घरी राहिलं की तासाभरात पोट थांबतं. हा आराम म्हणजे मेंदूसाठी बक्षीस असतं. शाळा टाळली की बरं वाटतं, हा धडा एका दिवसात पाठ होतो, आणि दुसऱ्या दिवशी भीती थोडी वाढलेली असते. तिसऱ्या तासाला तक्रार आली म्हणून पालकांना फोन करून मुलाला घरी पाठवणारी शाळा नकळत तोच धडा पक्का करत असते. त्याऐवजी त्याला एखाद्या शांत खोलीत 10 ते 15 मिनिटं बसू द्यावं, पाणी द्यावं आणि मग वर्गात परत न्यावं. तेवढ्या वेळात श्वास घेताना मनात चार अंक आणि सोडताना सहा अंक मोजायला सांगावं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. सोडण्याचा वेळ लांबवला की धडधड उतरते, ती त्यामुळेच. मात्र हे तंत्र शांत असताना चार-पाच दिवस सरावलेलं हवं. ऐन घाबरलेल्या क्षणी पहिल्यांदाच शिकवलं, तर मुलाला आपला श्वास कोंडतोय असंच वाटतं.

दोन-तीन आठवडे शाळा बुडाली असेल, तर ‘उद्यापासून पूर्ण दिवस’ हा हुकूम हमखास फसतो. पायऱ्या मुलाबरोबर बसून कागदावर लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे भीतीचा आकडा शून्य ते दहामध्ये त्यानेच टाकावा. फाटकापर्यंत येणं तीन, ग्रंथालयात एक तास बसणं चार, मधल्या सुट्टीपर्यंत वर्गात थांबणं सहा, प्रार्थनेच्या रांगेत उभं राहणं आठ. सुरुवात तीन-चारपासून करायची. तीच पायरी आकडा निम्म्यावर येईपर्यंत रोज करायची आणि मगच पुढे जायचं. मध्ये खाडा पडला तर एक पायरी मागे यावं, अगदी तळापासून सुरुवात करू नये. घरी थांबलेल्या दिवशी शाळा सुटण्याच्या वेळेपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद. शिक्षा म्हणून नव्हे, घर शाळेपेक्षा जास्त रंजक होऊ नये म्हणून.

पण पायऱ्या आखण्याआधी मूल कशाला टाळतंय ते शोधायला हवं. बसमध्ये कोणी छळत असेल, तर मुलाला धीट करण्यात अर्थ नाही, छळ थांबवायला हवा. गोव्यात आणखी एक कारण नेहमी नजरेतून सुटतं. चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणीतून शिकलेलं मूल पाचवीत इंग्रजी माध्यमात जातं. पाचवी-सहावी पाठांतरावर निघते. आठवीत विज्ञानाचे परिच्छेद लांबतात आणि तिथे ते अडतं. त्याला ‘इंग्लिश वीक’ म्हणून शिकवणीला धाडलं जातं. खरं कारण ओळखायची एक सोपी चाचणी आहे: साधारण चौथीच्या पातळीचा उतारा मराठीत वाचून घ्या आणि मग तेवढाच इंग्रजीत. मराठी घडाघडा वाचून इंग्रजीत अडखळलं तर अडचण भाषेची आहे. दोन्हीकडे अक्षरं उलटसुलट होत असतील, जोडाक्षरं फोडता येत नसतील, तर वाचनदोषाची रीतसर तपासणी करून घ्यावी. निदान झालं तर परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात. दहावी उंबरठ्यावर येईपर्यंत मात्र थांबू नये.

हे सगळं ऐकून कोणी घ्यायचं? आपल्याकडचं सहज उत्तर असतं, वर्गशिक्षकांनी. या उत्तराची परीक्षा झालेली आहे. 1996 साली गोव्यात सुरू झालेल्या ‘संगत’ संस्थेच्या संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या 74 माध्यमिक शाळांत एकच कार्यक्रम दोन तऱ्हांनी राबवला. काही शाळांत तो शिक्षकांनी चालवला, काहींत प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक, बिगर-तज्ज्ञ समुपदेशकांनी. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. शिक्षक कमी पडले असा याचा अर्थ काढू नये. ज्याच्या हातात गुण आणि शेरे आहेत त्याच्यापाशी मन मोकळं करणं मुलाला अवघडच जातं, आणि सहा तास शिकवून झाल्यावर शिक्षकाकडे ऐकायची शक्ती उरलेली नसते. शिक्षकाने ओळखावं आणि पाठवावं, ऐकायला माणूस वेगळा असावा.

गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत शाळांना समुपदेशक मिळतात ही जमेची बाजू. पण एकाकडे एकाहून अधिक शाळा असल्या की वार ठरलेले हवेत आणि ते फळ्यावर लिहिलेले हवेत. शाळा सुटल्यावरची वेळ ठेवली तर कोणी येत नाही, कारण कदंबाची, म्हणजे सरकारी, बस निघून जाते. दर वेळी गणिताच्याच तासाला बोलावलं तर मूल आणखी मागे पडतं, म्हणून तास आळीपाळीने निवडावा. समुपदेशकाच्या खोलीचं दार स्टाफरूमसमोर उघडत असेल, तर ती खोली रिकामीच राहणार. समुपदेशकाने प्रत्येक वर्गात अर्धा तास जाऊन आपण काय करतो ते सांगितलं की मुलं आपणहून यायला लागतात. दिल्लीच्या सरकारी शाळांतल्या अभ्यासात हा फरक स्पष्ट दिसला.

त्याच अभ्यासमालेत मुलांना शिकवलेली पद्धत अगदी साधी होती: अडचण नेमकी लिहा, पर्याय काढा, एक करून बघा. तीन आठवड्यांत चार-पाच भेटी. सहा आठवड्यांनी तपासलं तेव्हा मुलांनी स्वतः मांडलेल्या अडचणी हलक्या झाल्या होत्या, पण चिंता-नैराश्याच्या एकूण लक्षणांत नुसती पुस्तिका मिळालेल्या मुलांपेक्षा ठोस फरक नव्हता. म्हणजे रोजच्या कटकटींवर हे उत्तम औषध, पण खोलवरच्या आजारावर एवढं पुरत नाही. दोन आठवडे रोज उदासी, खाणं-झोप बिघडलेली, आवडत्या फुटबॉलचाही कंटाळा, अशी स्थिती असेल तर पुढची भेट मानसोपचारतज्ज्ञाची. त्यासाठी बांबोळीला सरकारी मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे.

पहिल्याच भेटीत मुलाला गुप्ततेची हद्द सांगून टाकावी. ‘तुझं बोलणं इथेच राहील, पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कोणी तुझ्याशी लैंगिक गैरवर्तन करत असेल, तर मला ते सांगावं लागेल.’ लैंगिक गैरवर्तनाच्या प्रकारात 2012 च्या पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देणारा समुपदेशक पुढे ते मोडतो आणि मूल कायमचं गप्प होतं.

‘जगावंसं वाटत नाही’ असं कानावर आलं तर सरळ विचारावं, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने तसे विचार मनात शिरतात ही समजूत चुकीची आहे, विचारल्याने बहुधा सुटकाच वाटते. उत्तर हो असेल तर मुलाला क्षणभरही एकटं सोडू नये, शौचालयापर्यंतही सोबत जावं. पालकांना बोलावून मूल त्यांच्या हाती सोपवावं, घरातली औषधं आणि कीटकनाशकं कुलपात ठेवायला सांगावं, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही. तातडीला 108.

मूल उपचार घेऊन परत येतं तेव्हा वर्गशिक्षकाला तीनच गोष्टी कळवाव्यात: कुठे बसवायचं, बुडालेल्यापैकी कोणता गृहपाठ माफ, आणि घाबरलं तर कोणत्या खोलीत पाठवायचं. आजाराचं नाव समुपदेशकाच्या कुलूपबंद कपाटातल्या फाइलमध्ये राहतं. हजेरीपटाच्या शेऱ्याच्या रकान्यात ते पेन्सिलीनेही लिहायचं नाही.