ओकावांगोत घोड्यावरून सफारी : अ‍ॅडव्हान्स भरायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी. आम्ही आफ्रिकेत नेतो त्या घोड्यावरच्या सफारीबद्दल फोनवर तेच तेच प्रश्न येतात आणि आम्ही ऑफिसात मोजून तीन माणसं, म्हणून सगळं एकदाच लिहून काढलंय. चहा घेऊन निवांत वाचा, मगच फॉर्म भरा.

पहिला प्रश्न आमचाच असतो, घोडा येतो का? बरेच जण म्हणतात, हो येतो की, माथेरानला दस्तुरीपासून बाजारापर्यंत बसलोय. मजा आहेच त्यात, पण तिथे लगाम घोडेवाल्याच्या हातात असतो आणि वाट घोड्याला तोंडपाठ असते. ओकावांगोत लगाम तुमच्या हातात, खाली गुडघाभर पाणी, बाजूच्या गवतात काय बसलंय ते दिसत नाही आणि गाइडने हात वर केला की तुम्हाला घोडा जागच्या जागी थांबवता आला पाहिजे, आणि त्याने पळा म्हटलं की रिकिबीतून पाय न सुटता भरधाव पळवताही आला पाहिजे. पक्की मांड हवी, बाकी सगळं मागाहून. ज्यांची नाही त्यांना आम्ही नाही म्हणतो, पैसे देत असले तरी नाही म्हणतो, राग मानू नका.

हे एकदा अंगाशी आलंय म्हणून सांगतोय. एक गृहस्थ फॉर्मवर "उत्तम रायडर" लिहून आले, आम्हीही भाबडेपणाने विश्वास ठेवला. पहिल्या दिवशी कॅम्पवाले सगळ्यांना कुंपणाच्या आत चालवून, दुडकवून, पळवून बघतात, तिथे हे दुडकीलाच खोगिराचा पुढचा भाग दोन्ही हातांनी धरून बसले. कॅम्पवाल्यांनी शांतपणे उतरवलं आणि पुढचे पाच दिवस जीपमध्ये फिरवलं, बायको मात्र रोज घोड्यावर. पैसे अर्थातच परत नाहीत. तेव्हापासून आम्ही व्हिडिओ मागतो.

हे नक्की आहे कुठे

आफ्रिका खंडातल्या बोट्सवाना देशात. ओकावांगो नदी अंगोलाच्या डोंगराळ भागात उगम पावते, नामिबियाची एक चिंचोळी पट्टी ओलांडून बोट्सवानात शिरते आणि समुद्राला मिळतच नाही, कालाहारीच्या वाळूत पंजासारखी पसरते आणि तिथेच मुरते, उडून जाते. अंगोलात पाऊस पडतो डिसेंबर ते मार्चच्या सुमारास, पण जमीन इतकी सपाट की ते पाणी रांगत रांगत डेल्टात, म्हणजे या पसरलेल्या पंजात, पोचायला कित्येक महिने लागतात, त्यामुळे जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे तिथे पावसाचा थेंब नसताना, पूर आलेला असतो. आजूबाजूचं सगळं वाळलेलं, म्हणून जनावरं या पाण्याकडे येतात. युनेस्कोने 2014 मध्ये या जागेला जागतिक वारसा यादीत घेतलं, यादीतली ती हजारावी जागा.

तिथल्या चलनाचं नाव पुला, सेत्स्वाना भाषेत पुला म्हणजे पाऊस. आशीर्वाद देतानाही पुला म्हणतात. आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला हे समजवायला लागत नाही.

जीप असताना घोडा कशाला

कारण घोड्यावर बसलेला माणूस बाकीच्या जनावरांना माणूस वाटत नाही. चार पायांचं, गवत खाणारं, घोड्याचाच वास येणारं काहीतरी चाललंय, एवढंच. झेब्रे मान वर करून बघतात आणि परत चरायला लागतात, जिराफ तर उलटे तुमच्याकडे टक लावून उभे राहतात. सेत्स्वानात घोडा म्हणजे पित्से आणि झेब्रा म्हणजे पित्से या नागा, रानातला घोडा, त्यामुळे एका अर्थी तुम्ही पाहुणे म्हणून नात्यातच जाताय. इंजिनाचा आवाज नाही, डिझेलचा वास नाही, आणि जीप जिथे रुतेल तिथून तुम्ही आरामात पलीकडे.

एक सकाळ सांगतो म्हणजे कळेल. आम्ही सातजण एका ओळीत, मोपानेच्या झाडांमधून चाललोय, कोणी बोलत नाहीये. माझ्या घोडीचे दोन्ही कान एकदम पुढे, उजवीकडे वळून ताठ. मला काहीही दिसत नव्हतं. गाइडने मागे न बघताच मूठ वर केली, सगळे थांबले. मग फांदी मोडल्याचा आवाज, मग पोटातून येणारी एक खोल घरघर, जी कानापेक्षा मांडीखाली जास्त जाणवते, आणि मग झुडुपाच्या वर राखाडी पाठ, एक, दोन, मग पिल्लू, असं करत नऊ हत्ती वाट ओलांडून गेले. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे होता म्हणून त्यांना आमचा पत्ता नव्हता. पंधरा मिनिटं तरी असेल, माझी घोडी नुसती कान हलवत उभी, आणि मी श्वास धरून. कॅमेरा गळ्यातच राहिला.

म्हणून घोड्याचे कान बघायला शिका, तिथला खरा गाइड तोच.

दुसरी गोष्ट पाण्यातून पळणं. पुराच्या सपाट मैदानावर पाणी घोड्याच्या गुडघ्यापर्यंत, तळ वाळूचा आणि घट्ट, गाइड मागे वळून हसतो आणि सगळे कँटरला (दुडकीपेक्षा वेगवान, भरधावपेक्षा कमी) लागतात. पुढच्या घोड्याचं पाणी तुमच्या तोंडावर, बूट भरलेले, बाजूने लाल लेचवे (पाणथळीतली हरणं, आपल्याकडे नाहीत) उड्या मारत पळतायत. खोल प्रवाह आला तर घोडा पोहतो, तेव्हा लगाम ढिला सोडायचा, आयाळ धरायची आणि त्याला त्याचं काम करू द्यायचं. पाणघोडे आणि मगरी आहेतच, म्हणून कुठे उतरायचं ते गाइड ठरवतो, तुम्ही नाही.

धोका आहे का

आहे. नाही म्हणणाऱ्याकडून बुकिंग करू नका.

पुढच्या गाइडकडे बंदूक असते, मागे दुसरा माणूस असतो. बंदूक शेवटचा उपाय, चांगला गाइड तशी वेळच येऊ देत नाही. तुमच्याकडून अपेक्षा एवढीच की ओळ सोडायची नाही, गाइडच्या पुढे जायचं नाही, फोटोसाठी मागे रेंगाळायचं नाही. सिंह दिसला तर आपण होऊन पळायचं नाही, पळणारा घोडा म्हणजे त्याच्या दृष्टीने सरळसरळ शिकार, सगळ्यांनी एकत्र उभं राहायचं आणि गाइड सांगेल ते करायचं. हत्तीचं वेगळं, म्हशीचं वेगळं, ते सगळं पहिल्या संध्याकाळी समजावतात, इंग्रजीतच असतं, ज्यांना अडचण असेल त्यांनी आधी सांगा, आमचा माणूस सोबत असेल तर मराठीत सांगेल.

खरं सांगायचं तर सिंहापेक्षा खड्ड्यांनी माणसं जास्त पडतात. आर्डवार्क नावाचं जनावर रात्री वाळवी खायला जमीन खणतं, ती बिळं गवतात झाकलेली असतात, म्हणून पळताना पुढच्या घोड्याच्या मागोमागच जायचं. पडलात तर हरकत नाही, सगळे कधी ना कधी पडतात, पण हेल्मेटशिवाय आम्ही कोणालाच बसू देत नाही, केस खराब होतात ही सबब चालत नाही.

इन्शुरन्स घेताना पॉलिसीत घोडेस्वारी कव्हर आहे आणि रानातून विमानाने किंवा हेलिकॉप्टरने बाहेर काढायचा खर्च कव्हर आहे, या दोन गोष्टी एजंटकडून लेखी घ्या. तोंडी "हो सर सगळं आहे" याला काडीची किंमत नाही.

आपला घोडा नेता येतो का

हसू नका, एकांनी विचारलं होतं, घरचा मारवाडी घोडा होता. नाही येत. आफ्रिकेत घोड्यांचा एक जीवघेणा आजार आहे, आफ्रिकन हॉर्स सिकनेस, चिलटांमुळे पसरतो, झेब्र्याला फारसं काही होत नाही पण घोडा मरतो. 1960 च्या सुमारास तो भारतापर्यंत आला होता आणि खूप घोडे गेले. म्हणून घोड्यांच्या ने-आणीवर कडक नियम आहेत. शिवाय त्सेत्से माशी, तिच्यामुळे घोड्याला नागाना नावाचा आजार होतो, आपल्याकडच्या जनावरांना होणाऱ्या सुर्रा रोगाचा भाऊच. ओकावांगोत 2001-02 मध्ये विमानातून फवारणी करून ती माशी हटवली. तिथले घोडे त्याच हवेत वाढलेले, लसी टोचलेले आणि हत्ती बघून न उधळणारे असतात, तुमचा राजा घरीच बरा.

वजन, म्हणजे तुमचं आणि बॅगेचं

तुमचं वजन कपडे-बुटांसकट बहुतेक कॅम्पांत 90 ते 95 किलोपर्यंतच चालतं. फॉर्मवर खरं लिहा, तिथे काटा असतो.

मौन या गावाहून कॅम्पला छोट्या विमानाने जायचं, बॅग मऊ कापडाची, चाकं नसलेली, हँडबॅग धरून साधारण 15 ते 20 किलो. कडक सूटकेस विमानाच्या पोटात बसतच नाही. तेव्हा खोगीरभरती नको. रायडिंगच्या दोन पँट, लांब बाह्यांचे शर्ट, एक जाड जॅकेट (जूनच्या पहाटे खूप गारठा असतो, लोक आफ्रिका म्हणून टी-शर्टवर येतात आणि कुडकुडतात), हेल्मेट स्वतःचंच, टाच असलेले बूट. जीन्स नको, आतली शिवण दोन तासांत मांडी सोलते. जोधपुरी ब्रीचेस घ्या, नाव आपल्याच जोधपूरवरून पडलंय आणि त्यामागे कारण आहे. खाकी, मेंदी, मातकट रंग चालतात. मिलिटरीसारखे ठिपक्यांचे कपडे अजिबात नकोत, बोट्सवानात सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे.

बूट नवे नकोत आणि फार जुनेही नकोत. माझ्या जुन्या बुटांचा सोल नुसता चिकटवलेला होता, दुसऱ्या दिवशी पाण्यात डाव्या बुटाने जबडा उघडला आणि उरलेली ट्रिप मी तो दोरीने बांधून काढली. शिवलेला सोल बघून घ्या. निघायच्या आधी बूट घासून धुवा, आपल्या तबेल्यातली माती तिकडे न्यायची नाही. गुरांचा लाळ्या-खुरकुत रोग पसरू नये म्हणून तिथे रस्त्यांवर नाके आहेत, कधी कधी औषधाच्या पाण्यात पाय बुडवूनच पुढे सोडतात.

औषधपाणी, खाणं वगैरे

डेल्टात मलेरिया असतो, गोळ्या कुठल्या ते डॉक्टरांना विचारून ठरवा. तिकीट नैरोबी किंवा अदिस अबाबावरून असेल तर यलो फीव्हरची लस निदान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्या आणि पिवळं कार्ड जपा, नाहीतर परत येताना मुंबईला घोडं अडू शकतं. व्हिसाचे नियम बदलत राहतात, बुकिंगच्या वेळी चालू नियम सांगतो.

शाकाहारी जेवण आधी कळवलं तर छान मिळतं, जैनही जमवतात, पण पिठलं-भाकरीची आशा ठेवू नका. लसणाची चटणी कोरडी न्या, आमच्या ग्रुपची चटणी मागच्या वेळी कॅम्पच्या आचाऱ्यानेच संपवली. सकाळी भेटल्यावर पुरुषाला "दुमेला रा" आणि बाईला "दुमेला मा" म्हणा, तेवढ्याने माणसं खुलतात. घड्याळ साडेतीन तास मागे करा. मोबाइलला रेंज नसते, घरच्यांना तसं सांगून निघा.

खर्च डॉलरमध्ये आणि भरपूर आहे, जून ते ऑक्टोबर सगळ्यात महाग. कोटेशन मागा, फोडून पाठवू, टीसीएस (बुकिंगच्या वेळीच घेतला जाणारा कर) वेगळा लागतो, तो इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये दाखवता येतो.

आणि मांड पक्की नसेल तर?

सहा महिने द्या. जवळच्या रायडिंग क्लबात आठवड्यातून दोनदा जा, एकाच लाडक्या घोड्यावर नाही, निरनिराळ्या घोड्यांवर. तेवढा वेळ नसेल तर दक्षिण आफ्रिकेतल्या वॉटरबर्ग भागात घेऊन जातो, तिथे मलेरिया नाही आणि नवशिक्यांसाठी सिंह-हत्ती नसलेल्या रानात चालीवरच्या रपेटी असतात, गेंडा दिसला तर नशीब. त्यात कमीपणा काही नाही, आमच्यातल्या एकीची सुरुवात तिथूनच झाली.

बाकी ज्यांना ओकावांगोच करायचंय त्यांनी फॉर्मसोबत व्हिडिओ पाठवा. फोन आडवा धरून, पूर्ण घोडा दिसेल असा, आधी चाल, मग दुडकी, मग कँटर आणि शेवटी थांबवणं, तेही दोन्ही बाजूंनी वळून. तीन-चार मिनिटं पुरे. कट करून, गाणं लावून पाठवू नका, पडलेला भाग तर बिलकुल कापू नका, उठून परत कसे बसता तेच आम्हाला बघायचं असतं.