सीलबंद पेटी आणि पोर्टची पेटी: सबवूफर बॉक्समधल्या दोन निराळ्या चुका

घरी सबवूफरचा, म्हणजे खोल बास वाजवणाऱ्या स्पीकरचा, बॉक्स बांधायला घेणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी असते की पेटी सारखीच, फक्त एकीला भोक (पोर्ट) असते आणि दुसरीला नसते. भोक ठेवले की आतली हवा मोकळी होते आणि बास वाढतो. माझा पहिला बॉक्स याच समजुतीवर उभा राहिला. सुताराकडून १८ मिलिमीटर जाडीचे एमडीएफ कापून आणले, फेव्हिकॉल आणि स्क्रू लावून पेटी जोडली, समोरच्या फळीत पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवला आणि १२ इंची वूफर, म्हणजे खुद्द स्पीकर, चढवला. आवाज भरपूर आला, पण गाणे कोणतेही लावले तरी तीच एक घूं-घूं ऐकू येत होती. चूक भोकाची नव्हती. मी पोर्टच्या पेटीला सीलबंद पेटीसारखे वागवले होते, आणि या दोन पेट्यांत हवेचे काम मुळातच वेगळे असते.

सीलबंद पेटीत कोंडलेली हवा स्प्रिंगचे काम करते. वूफरचा पडदा आत गेला की हवा दाबली जाते आणि त्याला बाहेर ढकलते. बाहेर गेला की विरळ होऊन आत ओढते. एडगर विल्चर यांनी १९५४ साली एआर-१ हा स्पीकर याच तत्त्वावर बाजारात आणला आणि कपाटाएवढ्या पेटीशिवाय खोल बास मिळू शकतो हे दाखवून दिले. पोर्टच्या पेटीत ही स्प्रिंग असतेच, शिवाय तिला एक वजन टांगलेले असते. ते वजन म्हणजे पाइपमधली हवा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की जो ठराविक सूर निघतो, तोच हा प्रकार आहे. पेटीची आणि पाइपची मापे मिळून एक कंप्रता (दर सेकंदाची कंपने, म्हणजे हर्ट्झ) ठरते, तिला ट्यूनिंग म्हणतात, आणि त्या कंप्रतेच्या आसपास पडद्याच्या मागच्या बाजूचा आवाज पाइपमधून उलटून बाहेर येतो व पुढच्या आवाजाला साथ देतो. बेल लॅब्जमधील अल्बर्ट थुरास यांना याचे पेटंट १९३२ साली मिळाले. थोडक्यात, पाइप हवा बाहेर सोडण्याची वाट नसून सुरात लावायचे वाद्य आहे, आणि हे मला आधी कळले असते तर एमडीएफची एक अख्खी शीट वाचली असती.

दोन्ही पेट्यांचे गणित वूफरच्या तीन आकड्यांवर चालते. हे आकडे नेव्हिल थील यांच्या १९६१ च्या आणि रिचर्ड स्मॉल यांच्या १९७० नंतरच्या कामामुळे प्रचलित झाले. माझ्या वूफरच्या कागदावर ते असे होते: एफएस (मोकळ्या वूफरची अनुनाद कंप्रता) २८ हर्ट्झ, क्यूटीएस (त्याची कंपने किती आवरलेली आहेत याचे माप, थोडक्यात क्यू) ०.४०, व्हीएएस (वूफरच्या लवचिकतेइतकीच स्प्रिंग देणाऱ्या हवेचे आकारमान) ६० लिटर. सीलबंद पेटीत सपाट प्रतिसाद (कोणताही सूर उठून न दिसणारा) हवा असेल, म्हणजे पेटीसकट क्यू ०.७०७ यावा असे वाटत असेल, तर या वूफरला सुमारे २८ लिटर जागा लागते. पोर्टसाठी मी ८१ लिटरची पेटी आणि ३० हर्ट्झचे ट्यूनिंग धरले. १० सेंटिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपची लांबी त्या हिशेबाने २५ सेंटिमीटर आली, आणि तेवढाच तुकडा मी कापला.

घोळ इथेच झाला. ४५ × ४५ × ४० सेंटिमीटर म्हणजे ८१ लिटर खरे, पण ते बाहेरचे माप होते. दोन्ही बाजूंच्या फळ्यांची जाडी वजा केली की आत ४१.४ × ४१.४ × ३६.४ सेंटिमीटर, म्हणजे ६२.४ लिटरच उरतात. त्यातून वूफरचे चुंबक आणि सांगाडा, आतल्या आडव्या पट्ट्या आणि खुद्द पाइप यांनी व्यापलेली जागा काढली की हाती राहतात जेमतेम ५६ लिटर. तोच २५ सेंटिमीटरचा पाइप ५६ लिटरच्या पेटीवर ३० ऐवजी ३६ हर्ट्झला बोलतो.

सहा हर्ट्झचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. तो किती मोठा आहे हे मी फोनवरून एकेक शुद्ध सूर वाजवत पेटीसमोर बसलो तेव्हा दिसले. ५० हर्ट्झला पडदा नीट हलत होता. ४० ला त्याची हालचाल कमी झाली, आणि ३६ ला तो जवळजवळ थांबला, पण पाइपच्या तोंडाशी धरलेल्या उदबत्तीचा धूर मात्र फाटून इकडेतिकडे उडू लागला. ट्यूनिंगच्या कंप्रतेला असेच होते. काम पाइपमधली हवा करते आणि पडदा विसावतो. मग सूर २६ हर्ट्झवर आणला आणि तोच पडदा बेफाम हलून आतून ठक-ठक असा आवाज आला. ट्यूनिंगच्या खाली पाइप म्हणजे खरोखरच नुसते भोक उरते, स्प्रिंगचा आधार सुटतो आणि व्हॉइस कॉइल (पडद्याला जोडलेली तारेची गुंडाळी) मागच्या पत्र्यावर आपटते. म्हणूनच पोर्टच्या पेटीला ॲम्प्लिफायरवर सबसॉनिक फिल्टर (अतिखोल सूर अडवणारा) हवाच, आणि तो ट्यूनिंगच्या थोडा खाली लावायचा असतो. ट्यूनिंगखाली या पेटीचा आवाजही दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो. सीलबंद पेटीत तो १२ डेसिबलच्या सावकाश उताराने कमी होतो आणि हवेची स्प्रिंग पडद्याला शेवटपर्यंत आवरून धरते.

आता हीच बाहेरच्या मापाची चूक सीलबंद पेटीत झाली असती तर? ३५ × ३५ × २३ सेंटिमीटर, म्हणजे बाहेरून २८ लिटर धरून पेटी केली असती, तर वूफरची जागा वजा जाता आत साडेसोळा लिटरच उरले असते. चूक टक्केवारीत अधिक मोठी आहे, पण परिणाम पाहा: क्यू ०.७०७ वरून ०.८६ च्या आसपास जातो, पेटीतली अनुनाद कंप्रता ५० वरून ६० हर्ट्झला सरकते आणि वर अर्ध्या डेसिबलचा उंचवटा येतो. बास थोडा आखूड आणि किंचित ठसठशीत होतो, इतकेच.

सीलबंद पेटी मापाच्या बाबतीत एवढी उदार असली तरी फटीच्या बाबतीत तितकीच काटेकोर आहे. कोपऱ्यातली केसाएवढी फट किंवा वायरच्या भोकात राहिलेली पोकळी फुसफुसते आणि स्प्रिंग ढिली करते. पडदा दोन्ही तळव्यांनी हलकेच आत दाबून सोडावा. तो आळसावल्यासारखा परत आला तर पेटी बंद आहे, आणि झटकन आला तर कुठेतरी गळती आहे. ती उदबत्तीच्या धुराने शोधून आतून सिलिकॉन किंवा एम-सील भरावे. पोर्टच्या पेटीतही फटी नकोतच. सीलबंद पेटीत उशीतला पॉलिएस्टर कापूस सैलसर भरला तर ती वूफरला थोडी मोठी भासते. पोर्टच्या पेटीत मात्र तो फक्त भिंतींना लावायचा आणि पाइपच्या तोंडापासून लांब ठेवायचा.

पाइपच्या व्यासाचा मोह वेगळाच. ५ सेंटिमीटर व्यासाचा पाइप घेतला तर ५६ लिटर आणि ३० हर्ट्झसाठी फक्त ८ सेंटिमीटर लांबी पुरते, म्हणून तो सोयीचा वाटतो. पण त्याचे क्षेत्रफळ १० सेंटिमीटरच्या पाइपच्या चौथाई असल्याने तेवढीच हवा चौपट वेगाने धावते आणि आवाज चढवताच फसफस ऐकू येते. पाइपचे आतले तोंडही मागच्या फळीपासून निदान एका व्यासाइतके दूर हवे.

माझ्या पेटीची दुरुस्ती याच नियमावर अडली. ३० हर्ट्झसाठी पाइप ४० सेंटिमीटरहून थोडा लांब हवा होता आणि आत खोली होती ३६.४. शेवटी एक एल्बो (पाइपचा वळणाचा जोड) जोडून पाइप आत वळवावा लागला. एल्बो आणायला जाण्याआधीचे चार दिवस मी पाइपच्या तोंडात जुना टॉवेल कोंबून गाणी ऐकली. पेटी आता सीलबंद होती, या वूफरला लागते त्याच्या दुप्पट मोठी होती, क्यू ०.५७ च्या आसपास आला होता. बास कमी झाला, पण घूं-घूं गेली आणि ढोलकीच्या थापा पहिल्यांदाच वेगवेगळ्या ऐकू आल्या.