नागपूरचा हेल आणि पलीकडचा अनोळखी

नेटवर अनोळखी माणसाशी मराठीत बोलणं सुरू झालं की नागपूरकराला एक प्रश्न हमखास येतो: "तुम्ही मूळचे हिंदी का?" विचारणारा पुण्याचा, साताऱ्याचा नाहीतर ठाण्याचा असतो आणि त्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं. त्याने फक्त "काय करून राहिला?" ऐकलेलं असतं, आणि त्याच्या कानाला ते "क्या कर रहा है" वाटतं. पलीकडे हिंदीवाला असला की उलटा प्रकार. वाक्यावाक्याला "बे" आणि होकाराला "हव" ऐकून तो विचारतो, "आप मराठी हो ना?" म्हणजे मराठीवाल्याला आपण हिंदी, हिंदीवाल्याला मराठी. चॅटमध्ये हे रोज घडतं, पण त्याची मुळं चॅटच्या फार आधीची आहेत.

नागपूर एका भाषेचं शहर कधीच नव्हतं. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास इथल्या वाड्यावस्त्या जोडून शहर वसवलं, तेव्हा दरबार गोंडांचा होता. पुढे चाळीसेक वर्षांत रघूजी भोसले आले आणि मराठी राज्यभाषा झाली. पण भोसल्यांचं राज्य पुण्याकडे तोंड करून बसलेलं नव्हतं. त्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या, १७५१ मध्ये ओडिशा त्यांच्याकडे आला, छत्तीसगड त्यांच्या अमलाखाली होता. त्यामुळे नागपूरच्या मराठीचा शेजार पूर्वेचा आणि उत्तरेचा. नकाशा डोळ्यांपुढे ठेवला की हेल असा का, याचं अर्धं उत्तर मिळतं.

उरलेलं अर्धं इंग्रजांच्या काळात आहे. कामठीची छावणी १८२१ ची. तिथे मद्रासकडच्या पलटणी आल्या आणि त्यांच्यामागोमाग तेलुगू, तमिळ घरं वसली. उत्तरेकडून मोमीन विणकर आले, त्यांची उर्दू आली. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी ठरलं. हा प्रांत म्हणजे जबलपूर, सागर, रायपूर, बिलासपूर. बहुतेक सगळा हिंदी बोलणारा. कचेरीत कारकून तिकडचे, वकील बंगाली, हुकूम इंग्रजीत आणि चपराशी मराठी. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे आली, १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मिलमध्ये कोष्ट्यांच्या बाजूला छत्तीसगडहून आलेले मजूर उभे राहिले. फाळणीनंतर जरीपटक्यात सिंधी वस्ती झाली. इतवारीतला मारवाडी दुकानदार आजही मराठी बोलतो आणि मराठी गिऱ्हाईक त्याच्याशी हिंदीतून भाव करतं. यात काही चुकतंय असं दोघांनाही वाटत नाही.

म्हणून "तुमच्यावर हिंदीचा परिणाम झालाय" हे बाहेरच्याचं निदान अर्धवट आहे. "करून राहिला" हे हिंदीच्या वळणाचं दिसतं, मान्य. पण "मले, तुले" मधला "ले" हिंदीतून आलेला नाही. खानदेशातल्या अहिराणीतही तो आहे. "तू उद्या येजो" मधला "येजो" प्रमाण हिंदीत कुठे सापडतो? डोळ्याचा "डोया" करणारा हिंदीची नक्कल करत नसतो. शिवाय मराठीतलं सर्वांत जुनं मोठं गद्य, म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र', तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला लिहिलं गेलं. ऑनलाइन वादात विदर्भातली मंडळी हा दाखला आवडीने पुढे करतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, मराठी भाषेच्या विद्यापीठासाठी सरकारने रिद्धपूरच निवडलं, तेव्हापासून तर जरा जास्तच.

दूरच्या अनोळख्याने "तुमच्याकडे कसं बोलतात?" असं विचारण्याची पद्धतशीर सुरुवात मात्र टपालाने झाली. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी १८९४ पासून भारताची भाषिक पाहणी चालवली. पुढे बराचसा कारभार त्यांनी इंग्लंडमधल्या घरी बसून पत्रांवर केला. जिल्ह्याजिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांना कळवायचं, बायबलमधल्या उधळ्या मुलाची गोष्ट स्थानिक बोलीत लिहून मागवायची, जोडीला स्थानिक लोककथा किंवा जबानी. असं करत १७९ भाषा आणि ५४४ बोलींची नोंद झाली. मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्याचं काम नॉर्वेच्या स्टेन कोनो यांनी केलं. त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी अशा नोंदी आहेत, आणि या दोन बोली किती जवळच्या आहेत हेही आहे. या पाहणीसाठी पुढे ग्रामोफोनच्या तबकड्याही केल्या गेल्या, कारण कागदावर शब्द उतरतात, हेल उतरत नाही, हे तेव्हाच लक्षात आलं होतं.

या कामातून आलेल्या नावांनी एक घोटाळाही मागे ठेवला. परदेशातल्या कुणा भाषावेड्याला "मी नागपुरी बोलतो" असं सांगून बघा. तो शोधतो आणि त्याला झारखंड सापडतं. रांचीकडच्या, छोटा नागपूरच्या सादरी भाषेचंही नाव नागपुरीच आहे आणि ती मराठीची बोली नव्हे. मग अर्धा तास आपण कोण नाही हेच समजावण्यात जातो. इकडे मराठी मुलखात आणखी वेगळं. वर्ध्यापासून गडचिरोलीपर्यंत कुणीही बोललं तरी "वऱ्हाडी का?" भंडारा-गोंदियाच्या माणसाची झाडीबोली वेगळी, अकोल्याची वऱ्हाडी वेगळी, नागपूरची त्याहून थोडी वेगळी. पण पश्चिमेकडे कानाचं यंत्र एवढं बारीक लावलेलं नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला नागपूरची राजधानी गेली आणि विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात, म्हणजे पूर्वीच्या मध्य प्रांतात, हिंदी आणि मराठी दोन्हींत कारभार चालायचा. आता एकच भाषा राहिली आणि तिचं वळण पुणे-मुंबईचं होतं. १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली, पाठ्यपुस्तकं राज्यभर सारखी झाली. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ पासून होतंच, पण बातम्या प्रमाण मराठीत. नागपूरच्या पोराला लिहायची एक आणि बोलायची दुसरी, अशा दोन मराठ्या एकदमच आल्या. वर्गात "कुठे" म्हणायचं, मधल्या सुट्टीत "कुठी". याला कुणी अन्याय म्हणत नव्हतं. शाळा अशीच असते, एवढंच. पण याच सवयीचा पुढे चॅटिंगमध्ये मोठा उपयोग झाला.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते महानगरांत. चॅट त्याआधीच जन्मलेलं होतं: फिनलंडच्या यार्को ओइकारिनेनने १९८८ मध्ये आयआरसी ही गप्पांची व्यवस्था तयार केली होती. पुढे १९९८ मध्ये याहूचा मेसेंजर आला. नव्वदचं दशक सरता सरता धरमपेठ, सीताबर्डी, सदरमध्ये सायबर कॅफे निघाले. प्लायवुडच्या खोपटात बसून याहूच्या चॅटरूममध्ये शिरलं की पहिला प्रश्न तीन रोमन अक्षरांचा यायचा, ए-एस-एल. वय, लिंग, ठिकाण. ठिकाणाचं उत्तर माणूस पाहून बदलायचं. परदेशी असला तर "मुंबईजवळ" असं सांगून मोकळं व्हायचं. आठशे किलोमीटर म्हणजे जवळच की. जरा चौकस निघाला तर झिरो माइलच्या खांबाचा हवाला देऊन "देशाच्या मधोमध".

या काळातली महत्त्वाची गोष्ट अशी की पडद्यावर हेल नव्हता. देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक संकेतात, १९९१ पासून होती, पण घरच्या आणि कॅफेतल्या संगणकांवर ती नीट दिसायला विंडोज २००० आणि एक्सपी यावे लागले. तोवर मराठी लिहायची ती रोमन अक्षरांत. अशा मराठीला शुद्धलेखनच नसतं, मग कुणाचं शुद्ध आणि कुणाचं अशुद्ध? शाळेत शिकलेली लिहायची मराठी वापरली की कोथरूडचा मुलगा आणि जरीपटक्याचा सिंधी मुलगा पडद्यावर सारखेच दिसायचे. एखादा "बे" निसटला तर निसटला.

आणि आडनाव नव्हतं. माझ्या मते हे हेलापेक्षाही मोठं होतं. महाराष्ट्रात "तुमचं गाव कोणतं?" आणि "पूर्ण नाव काय?" हे प्रश्न फार क्वचित नुसत्या उत्सुकतेचे असतात. नागपुरात तर ते अधिकच टोचतात, कारण १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली ते हे शहर. इथल्या कित्येक घरांनी त्या दिवसानंतर स्वतःची ओळख नव्याने मांडली. आडनाव ऐकून समोरच्याचा सूर बदलतो हे ज्याने लहानपणापासून पाहिलंय, त्याच्यासाठी नुसतं टोपणनाव घेऊन जगाशी बोलता येणं ही साधी सोय नव्हती. ए-एस-एलमध्ये जात विचारायला अक्षरच नव्हतं.

ऑर्कुट ही ओळखीपाळखीची साइट जानेवारी २००४ मध्ये आली आणि ही मोकळीक आटली. फोटो, शाळा, कॉलेज, पूर्ण नाव, सगळं एका पानावर. शहराच्या नावाचे गट निघाले. तिथे पुण्याचे आणि नागपूरचे लोक प्रथमच नावागावासकट समोरासमोर आले, आणि "शुद्ध मराठी" वरून कुस्त्या रंगल्या. याच सुमारास देवनागरीत लिहिणं सोपं झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढणारेही परत आले. रोमन लिपीत बिचाऱ्यांना काही कामच उरलेलं नव्हतं. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद पडलं तोवर ती सगळी भांडणं फेसबुकवर राहायला गेली होती. दरम्यान २०११ च्या नियमांनी सायबर कॅफेत ओळखपत्र दाखवून नाव लिहिणं बंधनकारक केलं. पलीकडच्याला आपण निनावी, पण गल्ल्यावरच्या वहीत नावगावासकट हजर.

नुसतं अनोळखी बोलणं पुन्हा परतलं ते ओमेगलवर. अमेरिकेतल्या लीफ के-ब्रुक्स या अठरा वर्षांच्या मुलाने ते मार्च २००९ मध्ये सुरू केलं. पुढच्याच वर्षी व्हिडिओ आला. आवड म्हणून एखाद्या भाषेचं नाव टाकलं की तेच लिहिणारा माणूस जोडला जायचा. भाषा शिकण्या-शिकवण्यासाठीची हॅलोटॉकसारखी ॲप त्यानंतरची. ओमेगलवर घाणही भरपूर होती. लहान वयात तिथून शोषण झालेल्या एका अमेरिकन तरुणीच्या दाव्यात तडजोड झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ते बंद झालं.

नागपुरात आवाज घरोघरी पोचवला तो स्वस्त डेटाने. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, २०१८ मध्ये पबजी मोबाइल. या खेळात चौघांची टोळी जुळते, त्यातले तिघे कुठलेही असू शकतात, आणि माइक चालू असतो. नागपूरच्या महाल भागातला पोरगा "अबे मागून येऊन राहिला ना तो!" असं ओरडतो आणि लखनौचा साथीदार गोळीबार सोडून विचारतो, "भाई, ये कौन सी भाषा है?" टाइप करताना जे पंधरा-वीस वर्षं लपलं होतं ते एका वाक्यात उघडं पडलं. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, नंतर त्याचाच भारतीय अवतार आला, पण माइक बंद झाला नाही. २०२१ मध्ये क्लबहाउस या नुसत्या आवाजी गप्पांच्या ॲपवरच्या खोल्यांत मराठी माणसं रात्र-रात्र बोलत बसली, तेव्हाही तेच.

सुरुवातीला यात टिंगल जास्त होती. मराठी नाटक-सिनेमांनी विदर्भाच्या बोलीला वर्षानुवर्षं विनोदी पात्राच्या तोंडी ठेवलेलं, त्यामुळे हेल ऐकला की समोरचा आधी हसायचा आणि मग "अजून काहीतरी बोल ना" म्हणायचा. ही फर्माईश कौतुकाची वाटते; तिसऱ्यांदा ऐकली की नाही वाटत. मग व्हिडिओ करणाऱ्या पोरापोरींनी तोच हेल स्वतःच्या हातात घेतला. वऱ्हाडीतले विनोद, सावजीच्या रश्शाची वर्णनं, तर्री-पोह्यांवरचे वाद हे सगळं रीलवर आलं आणि मुंबईची पोरं "हव ना बे" म्हणायला लागली. तेही थोडंफार चुकीच्या ठिकाणी म्हणतात. "बे" बरोबरीच्याला, वडीलधाऱ्याला नाही, एवढं तरी शिकून घ्यावं.

आता आवाजाच्या खोल्यांत चित्र असं आहे: टोपणनाव असतं, चेहरा नसतो, आडनाव नसतं, पण हेल असतो. जुन्या चॅटरूमपेक्षा एवढाच फरक. "विदर्भ का?" हा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला येतो आणि त्यावर गप्पा छान रंगतात, संत्री, ऊन, हिवाळी अधिवेशन, वेगळं राज्य. तासाभराने कुणीतरी सहज विचारल्यासारखं "पूर्ण नाव काय रे तुझं?" विचारतो. काही जण सांगतात. काही नुसतं पहिलं नाव सांगून विषय पुन्हा उन्हावर नेतात, आणि काहींचं नेट नेमकं त्याच वेळी जातं.