कूलिंग ट्रीटमेंटनंतर वजनकाटा नको, मेजरटेप हवी : बारा आठवडे का थांबायचं

चरबी गोठवण्याची ट्रीटमेंट घेतलेल्या ग्राहकांचा दुसऱ्या आठवड्यात हमखास फोन येतो. "मॅडम, वजन हाय तेवढंच हाय बगा, उलट पँट घट्ट व्हायला लागलीया." काही जण फोनही करत नाहीत, कागल किंवा इचलकरंजीहून थेट येऊन बसतात आणि दुसरं सेशन आजच्या आज करून द्या म्हणतात. त्यांची काळजी रास्त आहे, कष्टाचे पैसे घातलेले असतात. पण त्या दिवशी आम्ही मशीन लावत नाही. का लावत नाही ते रिसेप्शनवर उभ्याउभ्या नीट सांगता येत नाही, आणि तेवढ्यात वेळ घेऊन आलेले लोक बाहेर ताटकळतात. म्हणून हे सगळं एकदा लिहून काढलं आहे. सेशनच्या आधी वाचाच, आणि दहाव्या दिवशी मन चलबिचल झालं की पुन्हा काढून वाचा.

सेशन कसं होतं ते आमच्याकडे चौकशी केलेल्या सगळ्यांना ठाऊक असतं. कातडीवर जेलचा ओला पॅड, त्यावर मशीनचा कप. कप चरबीची घडी आत ओढून घेतो आणि उणे १० ते उणे ११ अंश सेल्सिअसपर्यंत गार होतो. कपानुसार ३५ मिनिटं ते तासभर लागतो. पहिली पाच-दहा मिनिटं ओढल्यासारखं वाटतं, गारठा बोचतो, मग जागा बधिर होते. कप काढल्यावर चरबी कपाच्याच आकारात घट्ट, गार आणि लालसर उभी राहते. तिथे आम्ही दोन मिनिटं जोर लावून चोळतो. हे चोळणं दुखतं आणि बरेच जण "राहू दे" म्हणतात. आम्ही ते सोडत नाही, कारण चोळल्याने परिणाम वाढतो असं अभ्यासांत दिसलेलं आहे.

गारठ्याने चरबीच का मरते, कातडी का नाही? थंडीच्या दिवसांत बाटलीतलं खोबरेल थिजतं, शेजारच्या तांब्यातलं पाणी मात्र पाणीच राहतं. चरबीच्या पेशीतला स्निग्ध अंशही तसाच पाण्याच्या कितीतरी आधी थिजतो. डॉक्टरांच्या हे लक्षात आलं ते लहान मुलांमुळे. आइसकँडी तोंडात धरणाऱ्या एका तान्ह्या मुलीच्या गालातल्या चरबीला सूज आल्याची नोंद अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी १९७० साली केली. त्याच धाग्यावर बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डिटर मॅनस्टीन आणि रॉक्स अँडरसन यांनी डुकरांवर प्रयोग केले, ते २००८ मध्ये छापून आले. २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, कमरेच्या बाजूंसाठी परवानगी दिली, २०१२ मध्ये पोटासाठी. या पद्धतीचं शास्त्रीय नाव क्रायोलिपोलिसिस.

आता मुद्द्याचं. गारठ्याने दुखावलेली पेशी त्याच दिवशी नाहीशी होत नाही. ती पुढच्या काही दिवसांत हळूहळू मरते. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी तिथे जमू लागतात आणि दोन आठवड्यांच्या आसपास ही गर्दी शिगेला पोचते. म्हणजे तुम्ही ज्या दिवशी वैतागून आरशासमोर उभे राहता, नेमक्या त्याच दिवसांत आत काम जोरात चाललेलं असतं. जागेला थोडी सूज असते, टेप लावली तर माप जैसे थे येतं किंवा अर्धा सेंटिमीटर वाढूनही येतं. फरक दिसायला लागतो तो साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून, आणि पुरता दिसायला दोन ते तीन महिने जातात.

वजनकाट्याचं गणित आम्ही प्रत्येकाला कागदावर मांडून दाखवतो, इथेही देतो. समजा, कपाखाली १५ सेंटिमीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद जागा आली आणि तिथला चरबीचा थर अडीच सेंटिमीटर जाड आहे. ही झाली ३०० घन सेंटिमीटर चरबी. चरबी पाण्यापेक्षा हलकी, म्हणून वजन सुमारे २७० ग्रॅम. एका सेशनमध्ये त्या थराची जाडी साधारण २० ते २५ टक्के कमी होते. म्हणजे गेली किती? ५५ ते ७० ग्रॅम, आणि तीही तीन महिन्यांत. सकाळी काट्यावर चढायच्या आधी तुम्ही ग्लासभर पाणी प्यालात, तर काटा याच्या तिप्पट सरकतो. एवढीशी घट कोणत्याही घरगुती काट्यावर सापडणार नाही. पण हीच घट एका जागची आहे, म्हणून ब्लाउजच्या खाली, पँटच्या पट्ट्यावर ती डोळ्यांना दिसते आणि टेपवर मिळते. वजन उतरवायला ही ट्रीटमेंट नाहीच. आहार-व्यायाम करूनही जो टायर हटत नाही, तेवढ्यासाठी ती आहे.

माप कसं घ्यायचं? सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, सरळ उभं राहून, श्वास सोडून. टेप दर वेळी त्याच उंचीवर हवी. इथेच घरच्या मापाचा घोटाळा होतो. बोटभर वर किंवा खाली लावली की दोन सेंटिमीटर इकडचे तिकडे होतात. आम्ही सेशनच्या दिवशी टेपची उंची जमिनीपासून मोजून तुमच्या कार्डावर लिहितो, कॅलिपरने चिमटीची जाडी घेतो आणि ठरलेल्या जागी, ठरलेल्या उजेडात फोटो काढतो. बारा आठवड्यांनी तेच सगळं पुन्हा. पाळीच्या दिवसांत पोट फुगतं, तेव्हा बहिणींनी तो आठवडा टाळून तारीख घ्यावी. या फेरमापाचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही, ते सेशनच्या दरातच धरलेले असतात.

"दुसऱ्या ठिकाणी पंधरा दिवसांत पुढचं सेशन देतात, तुम्हीच का वेळ लावता?" हेही नेहमीचं. सूज उतरायच्या आत पुन्हा कप लावला, तर पहिल्या सेशनने काय काम केलं आणि आता किती उरलं, ते कुणालाच सांगता येत नाही. तुम्ही अंदाजाने पैसे भरता आणि आम्ही अंदाजाने मशीन लावतो. अनेकांना बारा आठवड्यांनी फोटो शेजारी-शेजारी ठेवल्यावर दुसऱ्या सेशनची गरजच वाटत नाही. आमचं एक सेशन बुडालं तरी चालेल, पण असं समाधान झालेला ग्राहक घरच्या चौघांना घेऊन येतो. म्हणून आम्ही सहा-आठ सेशनचं पॅकेज विकत नाही. एका भागाचे एका वेळचे पैसे घेतो, पुढचं माप पाहून.

कुणाला आम्ही परत पाठवतो तेही सांगतो. उताणं झोपून पोटाकडे पाहा. झोपल्यावरही पोट टणक, वर उभंच राहत असेल आणि चिमटीत थोडीच घडी येत असेल, तर चरबी आत, आतड्यांच्या भोवती आहे. तिथे कप पोचत नाही. तालीम सुटली आणि खुराक तसाच राहिला, अशा आपल्याकडच्या कित्येक पुरुषांचं पोट या जातीचं असतं. त्यांनी या ट्रीटमेंटवर रुपयाही घालू नये. चालणं, जेवण आणि साखर-बीपीची तपासणी हाच त्यांचा रस्ता, आणि ती चरबी तब्येतीला जास्त घातक असल्याने तो रस्ता लवकर धरावा. चिमटीत घडी भरून येते आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० च्या आत आहे, अशांना फायदा चांगला होतो.

थंडीशी संबंधित काही आजारांत ही ट्रीटमेंट अजिबात करता येत नाही. क्रायोग्लोब्युलिनेमिया, कोल्ड अॅग्लुटिनिन डिसीज आणि थंडीने लघवीतून लाल रंग जाणारा हिमोग्लोबिन्युरिया, हे तीन त्यांतले मुख्य. नावं अवघड आहेत, म्हणून आम्ही सरळ प्रश्न विचारतो: गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरी-निळी पडतात का? पावसात भिजलं की अंगावर पित्ताच्या गांधी उठतात का? पोटात हर्निया आहे का, नुकतं सिझेरियन किंवा दुसरं ऑपरेशन झालंय का? गरोदर आहात का? ही उत्तरं लपवू नका. पुढच्या लग्नात पोट दिसू नये एवढ्यासाठी हर्नियाची गोष्ट झाकून ठेवण्यात तुमचंच नुकसान आहे.

घरी फ्रीजमधला बर्फ पोटाला बांधून हेच होईल का, असं विचारणारेही भेटतात. होणार नाही. रक्त त्या जागेला सतत ऊब देत राहतं. कप घडी ओढून रक्तपुरवठा कमी करतो आणि गारठा मोजून देतो, मध्ये पॅड कातडीला जपतो. बर्फाच्या पिशवीत यांतलं काहीच नाही. चरबी तशीच राहते आणि कातडी मात्र गारठ्याने भाजते.

नंतरचा त्रास बहुधा सौम्य असतो. लाली आणि सूज काही दिवस, काळं-निळं होणं, मुंग्या, खाज. बधिरपणा काही आठवडे टिकू शकतो. काहींना तीन-चार दिवसांनी ठणका लागतो, तेव्हा फोन करा, औषध सांगतो. बधिर जागेला गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका. चटका बसलेला कळत नाही आणि फोड येतात.

एक दुष्परिणाम क्वचित होतो, पण तो आधी सांगितल्याशिवाय आम्ही सही घेत नाही. काही लोकांत चरबी कमी होण्याऐवजी त्याच जागी वाढते, दोन ते सहा महिन्यांत कपाच्या आकाराची टणक सूज दिसू लागते. पुरुषांत हे प्रमाण जास्त आढळतं. ती आपोआप उतरत नाही, लायपोसक्शनसारखं, म्हणजे चरबी नळीने ओढून काढायचं, ऑपरेशन करावं लागतं. कॅनडाच्या मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा यांनी २०२१ मध्ये आपल्याला हाच त्रास झाल्याचं जाहीर केलं, त्यानंतर जगभर त्याची चर्चा झाली. बारा आठवड्यांचं माप आम्ही चुकवू देत नाही, त्याचं हेही एक कारण आहे. तोवर अशी वाढ दिसू लागली असेल तर ती लगेच पकडता येते.

लग्नकार्यासाठी येणाऱ्यांनी तारखेपासून मागे तीन महिने मोजा, वर पंधरा दिवस हाताशी ठेवा. मे महिन्यातल्या लग्नासाठी जानेवारीच्या मध्यापर्यंत सेशन झालेलं असावं. तुळशीच्या लग्नानंतरचे पहिले मुहूर्त धरायचे असतील, तर गणपती उठायची वाट पाहू नका, ऑगस्टच्या सुरुवातीलाच या. लग्नाला तीन आठवडे उरलेत आणि ब्लाउजचं माप द्यायचंय, अशी नवरी मुलगी आली तर आम्ही तिला सेशन देत नाही, ऐन मुहूर्तावर सुजलेली जागा तिला नको असते. मापाचा ब्लाउज मात्र सेशननंतर दहा आठवड्यांच्या आत शिवायला टाकू नका, नाहीतर टाके पुन्हा घालावे लागतात.

पहिल्या भेटीत फक्त तपासणी होते, सेशन त्याच दिवशी होत नाही. येताना सैल कपडे घाला, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि जुन्या ऑपरेशनचे कागद असतील तर आणा. सेशन झालेल्यांनी फेरमापाच्या दिवशी आपलं कार्ड विसरू नका, टेपची उंची त्यावरच लिहिलेली असते.