शिजते, दळले जाते की विरघळते?

'पचन' हा शब्द 'पच्' म्हणजे शिजवणे या संस्कृत धातूवरून आला. शरीरातल्या उष्णतेने अन्न पोटात शिजते, असे प्राचीन ग्रीक वैद्यही मानत. सतराव्या शतकात शरीराला यंत्र समजणारे अभ्यासक म्हणू लागले, जठर जात्यासारखे अन्न दळते.

1752 मध्ये रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने सच्छिद्र धातूच्या नळीत मांस भरून ती घारीला गिळायला लावली. न पचणारे ओकून टाकणे हा शिकारी पक्ष्यांचा स्वभावच. नळी बाहेर आली ती शाबूत, आतले मांस मात्र मऊ पडून झिजलेले! दळायला तिथे वावच नव्हता. पुढे इटलीच्या स्पालान्झानीने अन्नाच्या कापडी पिशव्या स्वतः गिळल्या. मांस आणि जठररस काचेच्या नळीत घालून नळी काखेच्या उबेत ठेवली. पोटाबाहेरही मांस विरले. त्या रसात हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे इंग्लंडच्या प्राउटने 1824 मध्ये मांडले.

पण माणसाच्या पोटात प्रत्यक्ष डोकावता आले ते एका अपघातामुळे. 6 जून 1822 रोजी अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर बंदुकीचा बार उडून अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण मजुराची डावी कूस फाटली. तो वाचला, पण जठरात उघडणारे भोक कायम राहिले. डॉक्टर बोमाँट रेशमी दोऱ्याला मांस, पाव, कोबी बांधून त्यातून आत सोडत आणि थोड्या वेळाने ओढून पाहत. तासाभरात पाव-कोबी निम्मे विरलेले, मांस जवळपास जसेच्या तसे. अशा 238 प्रयोगांचे पुस्तक 1833 मध्ये निघाले. बोमाँटचे नाव सगळे घेतात. मला मोठा वाटतो तो वर्षानुवर्षे हे सोसणारा, लिहिता-वाचता न येणारा मजूर. 1880 मध्ये तो वारला, तेव्हा डॉक्टरांकडून शवाची चिरफाड नको म्हणून घरच्यांनी त्याला मुद्दाम खोल पुरले.

1836 मध्ये थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने जठररसातले पेप्सिन शोधले आणि आम्लाच्या जोडीला प्रथिने तोडणारे द्रव्य हाती आले.

विरघळलेले अन्न पुढे जाते कुठे, याचा धागा मात्र दोनशे वर्षे आधीच दिसला होता. 1622 मध्ये इटलीत आसेल्लीने नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचे पोट उघडले. आतड्यालगत पांढरे धागे पसरलेले होते. सुरुवातीला त्याला ते मज्जातंतू वाटले. एक टोचताच दुधासारखा द्रव आला. तो अन्नातला स्निग्धांश होता. या वाहिन्या यकृताकडे जातात, असा त्याचा समज झाला. 1651 मध्ये फ्रान्सच्या पेकेने दाखवले, की हा द्रव छातीतल्या नलिकेतून वर चढून मानेच्या मुळाशी रक्तात मिसळतो.