अनुदानाच्या फाइलमागचा इतिहास

वस्तीतल्या मुलांचं नाटक असो, भारूड करणारं मंडळ असो की गावातल्या भिंती रंगवणारा गट, अनुदान मागायला गेलं की आधी फाइल मागतात. नोंदणी प्रमाणपत्र, घटना म्हणजे संस्थेची नियमावली, तीन वर्षांचे ताळेबंद, १२ए आणि ८०जी ही आयकराची प्रमाणपत्रं, दर्पण क्रमांक म्हणजे नीती आयोगाच्या पोर्टलवरचा संस्थेचा नोंदणी क्रमांक. ही कागदपत्रं वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कारणांसाठी आली. सगळी एकत्र गोळा करायची वेळ मात्र आज लहान गटांवर येते. त्याआधी कलेला पैसा मिळत होता, पण तो असा मिळत नव्हता.

मराठी नाटकाचा आरंभच राजाश्रयाने झाला. सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन यांनी कर्नाटकातून आलेल्या मंडळींचे खेळ पाहिले आणि पदरी असलेल्या विष्णुदास भाव्यांना तसे खेळ मराठीत उभे करायला सांगितलं. १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ झालं. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि दरबारचा हात आखडला. भावे मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले आणि १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ केले. व्यावसायिक रंगभूमीची वाट अशी मदत थांबल्यामुळे सापडली, हे खरं. पण ती वाट सापडायला आठ वर्षांची तयार मंडळी हाताशी होती आणि त्या तयारीचा खर्च दरबाराने सोसला होता. ही दुसरी बाजू सांगायची राहून जाते. तिकिटातून खेळाचा खर्च निघतो, तालमीची वर्षं निघत नाहीत.

राजाश्रयापेक्षा कितीतरी मोठा आधार गावाचा होता आणि आजही आहे. सिंधुदुर्गात देवळाच्या जत्रेला दशावतारी कंपनी येते, रात्रभर दहीकाला, म्हणजे दशावताराचा खेळ, होतो. पश्चिम महाराष्ट्रात यात्रा कमिटी पट्टी गोळा करते आणि नारायणगावला राहुट्यांत जाऊन तमाशाच्या फडाची सुपारी ठरवते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या निमित्ताने नाटकं लागतात. गावातलं मंडळ गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला जाऊन कंपनी ठरवतं, मंडप घालतं, तिकिटं विकतं. आसपासच्या गावांतून पाहुणे येतात, घरोघरी स्वयंपाक होतो. लोक स्वतःच्या पैशाने इतकी मोठी रंगभूमी जगवतात, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. २०२३ साली झाडीपट्टीतले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राचं तिकडे जरा लक्ष गेलं.

पण गावाचा पैसा त्या रात्रीच्या खेळाचा असतो. ट्रक, तंबू, कनाती, कपडे, कलावंतांची उचल हे सगळं हंगामाआधी लागतं, आणि तेव्हा फडमालकाला व्याजाने पैसे काढावे लागतात. तमाशाच्या कर्जबाजारीपणाचं मूळ इथे आहे. म्हणूनच राज्य सरकारने तमाशा, दशावतार, खडीगंमत हा विदर्भातला लोकनाट्याचा प्रकार आणि शाहिरी यांच्या पथकांसाठी पुढे योजना केली तेव्हा तिचे दोन भाग झाले: भांडवली अनुदान आणि प्रयोग अनुदान. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. आजच्या बहुतेक देणगीदारांना ती अजून पटलेली नाही. ते कार्यक्रमाला पैसे देतात, उभं राहायला देत नाहीत.

सरकार या क्षेत्रात आलं ते स्वातंत्र्यानंतर. १९५२ ते १९५४ या काळात दिल्लीत संगीत नाटक, साहित्य आणि ललित कला अकादमी निघाल्या. वृद्ध कलावंतांच्या मानधनाची योजना १९५४-५५ची. राज्य नाट्य स्पर्धेने जिल्ह्याजिल्ह्यांतल्या हौशी मंडळींना निर्मितीखर्चाचा काही भाग दिला आणि नटांच्या पिढ्या घडवल्या. १९८६ साली नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आलं. २०१० मध्ये राज्याचं सांस्कृतिक धोरण ठरलं. या सगळ्यात मदत मिळे ती मान्यवर कलावंताला, ठरलेल्या कलाप्रकाराला किंवा नोंदणीकृत संस्थेला. कलावंत नसलेल्या माणसांनी एकत्र येऊन काही करायचं, अशा कामाला तिथे नीट रकानाच नव्हता.

आता फाइलकडे. संस्था नोंदणीचा कायदा १८६० चा. त्यात विज्ञान, साहित्य आणि ललित कला यांच्या प्रसारासाठीच्या संस्थांचा उल्लेख आहे, तोही लष्करी अनाथांच्या निधीच्या शेजारी. मुंबई राज्याने १९५० मध्ये सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा केला, तो देवस्थानं आणि धर्मादाय मालमत्ता यांचा गैरव्यवहार रोखण्यासाठी. त्यामुळे महाराष्ट्रातल्या संस्थेला दुहेरी नोंदणी करावी लागते. १२ए आणि ८०जी ही १९६१ च्या आयकर कायद्यातून आलेली कलमं. पहिल्याने संस्थेचं उत्पन्न करमुक्त होतं, दुसऱ्याने देणगीदाराला सवलत मिळते. पूर्वी ही मान्यता एकदा मिळाली की काळजी नसे. २०२१ पासून तिला मुदत आली आणि ठरावीक वर्षांनी नूतनीकरण करणं भाग पडलं.

परदेशी देणग्यांवरचा कायदा १९७६ चा, आणीबाणीतला. २०१० मध्ये तो नव्याने आला आणि २०२० च्या दुरुस्तीने परदेशातून आलेला पैसा एका संस्थेने दुसरीला द्यायला मनाई केली. लहान गटांना सर्वांत मोठा फटका इथे बसला. मोठ्या संस्थेने बाहेरून निधी आणायचा, हिशेबाची जबाबदारी घ्यायची आणि गावोगावच्या गटांना थोडी थोडी रक्कम द्यायची, ही पद्धतच त्याने बंद झाली.

त्याआधी, २०१३ च्या कंपनी कायद्याने नवं दार उघडलं होतं. ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्चायचे, हा नियम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाला. हा पैसा कुठल्या कामांवर खर्चता येतो त्याची यादी या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे, आणि तिच्यात राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती यांचं जतन आणि पारंपरिक कलांचा विकास हा विषय आहे. शब्द वारशाकडे झुकणारे आहेत. त्यामुळे पुरातन वास्तूची दुरुस्ती त्यात सहज बसते, वस्तीतल्या मुलींनी स्वतः लिहिलेलं नाटक ओढूनताणून बसवावं लागतं. अनेक गट ते शिक्षणाच्या विषयाखाली मांडतात, आणि तसं मांडण्यात काही गैर नाही. काम राबवणाऱ्या संस्थेला तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो आणि २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ ही नोंदणीही.

नोंदणी नसलेल्या गटाला दोन वाटा उरतात. १९९३ साली बंगळुरूत स्थापन झालेली इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स १९९५ पासून अनुदानं देते, आणि तिथे व्यक्तीच्या नावाने अर्ज करता येतो. दुसरी वाट वर्गणीची. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडून विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली जी परवानगी घेतात, ती सार्वजनिक कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या इतर गटांसाठीही आहे. पावतीपुस्तक छापण्याआधी ती घ्यावी.