बॅटरी जागेवर असूनही लॅपटॉपला का दिसत नाही?

जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावर बॅटरीच्या चिन्हावर फुली येते, ‘बॅटरी आढळली नाही’ असा संदेश दिसतो आणि बहुतेक जण बॅटरी संपली असे गृहीत धरून नवी मागवतात. तसे असूही शकते. पण त्या संदेशातून एवढेच कळते की लॅपटॉपने विचारलेल्या प्रश्नाला बॅटरीकडून उत्तर आलेले नाही. ते का आले नाही, याचे कारण बॅटरीत, जोडणीत, मदरबोर्डवर (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डवर) किंवा निव्वळ सॉफ्टवेअरमध्ये असू शकते, आणि तपासणीचा क्रम नीट ठेवला तर ते पुष्कळदा घरीच सापडते.

हा प्रश्नोत्तरांचा व्यवहार कसा चालतो, ते आधी समजून घ्यायला हवे. लॅपटॉपच्या बॅटरीत लिथियम-आयन सेलच्या जोडीला एक छोटा सर्किट बोर्ड असतो. त्यावरची चिप सेलचा व्होल्टेज, तापमान आणि आत-बाहेर होणारा विद्युतप्रवाह सतत मोजते, उरलेल्या क्षमतेचा हिशेब ठेवते आणि धोका दिसल्यास सेलचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध तोडते. बॅटरीच्या कनेक्टरमध्ये धन आणि ऋण टोकांखेरीज ज्या बारीक पिना दिसतात, त्यांपैकी दोन या चिपशी संवाद साधण्यासाठी असतात: एक संवादाचा ताल राखणाऱ्या ठोक्यांसाठी (‘क्लॉक’) आणि दुसरी माहितीसाठी. इंटेल आणि ड्युरासेल यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास पुढे आणलेल्या ‘स्मार्ट बॅटरी’ मानकातून ही पद्धत रूढ झाली. लॅपटॉपच्या बाजूने प्रश्न विचारण्याचे काम एम्बेडेड कंट्रोलर नावाची स्वतंत्र चिप करते. तिने मिळवलेली माहिती बायोसमार्फत, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमार्फत, विंडोज किंवा लिनक्सपर्यंत पोहोचते. या साखळीतली कोणतीही कडी निखळली, तरी पडद्यावर संदेश तोच दिसतो.

म्हणून पहिली तपासणी बायोसमध्ये करावी. लॅपटॉप सुरू करताना बायोसच्या पानावर जाऊन तिथे बॅटरीची नोंद दिसते का, ते पाहावे. तिथे बॅटरी दिसत असेल आणि विंडोजमध्ये दिसत नसेल, तर दोष सॉफ्टवेअरचा आहे. अशा वेळी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधील बॅटरीच्या यादीतून ‘एसीपीआय कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी’ ही नोंद काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केला की विंडोज बॅटरीशी बोलणारा तो छोटा प्रोग्रॅम (ड्रायव्हर) स्वतःच नव्याने बसवते. बायोसलाही बॅटरी दिसत नसेल, तर विंडोज नव्याने टाकण्यात वेळ घालवण्याचे काहीच कारण नाही.

पुढचा उपाय साधा आहे, आणि त्याचे कारण माहीत असेल तर तो नीट केला जातो. एम्बेडेड कंट्रोलर लॅपटॉप बंद असतानाही जागाच असतो, त्यामुळे तो अडकून बसला तर नेहमीच्या रीस्टार्टने सुटतोच असे नाही. लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, बॅटरीही काढावी आणि पॉवरचे बटण सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावे, म्हणजे बोर्डवर साठून राहिलेली वीज निघून जाते आणि कंट्रोलर नव्याने सुरू होतो. बॅटरी बाहेर आलेलीच आहे, तेव्हा दोन्हीकडचे संपर्कबिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसून पूर्ण वाळू द्यावेत. मोठा प्रवाह वाहणारी टोके थोड्या काजळीनेही काम करत राहतात, पण संवादाच्या बारीक पिनांचा संपर्क थोडा जरी बिघडला तरी बोलणे थांबते. बॅटरी आत बसवलेली असेल, तर तळाचे झाकण उघडून तिचा कनेक्टर निसटलेला नाही ना, हे पाहावे लागते.

इथपर्यंत काही निष्पन्न झाले नाही, तर अनेक जण बॅटरीचा व्होल्टेज मोजायला मल्टीमीटर घेतात, आणि नेमकी इथेच चांगली बॅटरी कचऱ्यात जाण्याची भीती असते. पुष्कळ बॅटऱ्या लॅपटॉपमध्ये बसल्याचा संकेत एका विशिष्ट पिनेवर मिळाल्याखेरीज मुख्य टोकांवर वीज सोडतच नाहीत. त्यामुळे बाहेर काढलेल्या बॅटरीवर शून्य व्होल्ट दिसले, म्हणून ती मेली असे ठरवता येत नाही.

दीर्घकाळ न वापरलेल्या बॅटरीची गोष्ट वेगळी. तिच्यातील चिपलाही वीज सेलकडूनच मिळते. पडून राहिलेले सेल हळूहळू उतरत जातात, आणि त्यांचा व्होल्टेज फार खाली गेला की चिप स्वतःच बंद पडते. मग उत्तर देणार कोण? चार्जर काही तास जोडून ठेवल्यास बॅटरीला जागे करण्यापुरता अल्प प्रवाह काही लॅपटॉप देतात आणि बॅटरी पुन्हा दिसू लागते. तेवढे करून पाहायला हरकत नाही. मात्र बॅटरी उघडून सेलला बाहेरून वीज देण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो मला अत्यंत बेजबाबदार वाटतो. अतिशय उतरलेल्या सेलमध्ये ऋण बाजूचे तांबे विरघळू लागते आणि पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे साचून सेलमध्ये अंतर्गत शॉर्ट सर्किट होऊ शकते. त्यातून आग लागू शकते. गंभीर दोष आढळल्यास चिप तशी कायमची नोंद करते आणि काही बॅटऱ्यांमध्ये तर फ्यूजही उडवते. अशी बॅटरी सेल बदलूनही सहसा चालत नाही. बॅटरी फुगलेली दिसली, तर तपासणी तिथेच थांबवावी, तिला दाबू किंवा टोचू नये आणि ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावी.

खात्रीचा निवाडा हवा असेल, तर त्याच मॉडेलची चालू स्थितीतील दुसरी बॅटरी लावून पाहणे हाच सर्वांत भरवशाचा मार्ग. तीही दिसली नाही, तर दोष मदरबोर्डकडे आहे: कनेक्टरची सुटलेली झाळ, संवादाच्या तारांवरचा एखादा जळका घटक किंवा चार्जिंगची चिप. ही चिप बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्याच दोन तारांवर असते, त्यामुळे ती बिघडली तर बॅटरीचे बोलणेही अडते. हे काम बोर्ड दुरुस्त करणाऱ्या जाणकाराचे आहे. तोवर काढता येणारी बॅटरी काढून लॅपटॉप चार्जरवर वापरता येतो. फक्त वीज गेली की न साठवलेले काम जाते, आणि बॅटरी चार्ज असल्याखेरीज बायोस अद्ययावत करायला अनेक लॅपटॉप नकार देतात, हे लक्षात ठेवावे.